कुठं उभं राहून मोजलं?

खोली बघायला गेले तेव्हा गुरुजींनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, "मानसं किती?"

"एकटीच," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या खांद्यावरून जिन्याकडं पाहिलं. मग चार पायऱ्या उतरून वळणापर्यंत जाऊन आले. तिथं कुणी लपलेलं नाही अशी खात्री पटल्यावर म्हणाले, "बरं. सध्या तरी एक."

मी तेव्हा कराडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होते. गाव कडेगाव. रोजचं जाणं-येणं अंगावर यायला लागलं म्हणून खोली शोधत होते. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. त्यांच्या घराच्या खालच्या गाळ्यात टेलरचाचा, मधल्या मजल्यावर गुरुजी आणि वरच्या खोलीत मी, अशी आमची उतरंड होती.

तिसऱ्या दिवशी ते वर आले आणि दाराबाहेर थबकले. "चपला तीन जोड. मानूस एक?"

मी खुलासा केला. एक कॉलेजची, एक घरातली, एकीचा अंगठा तुटलेला. त्यांचं समाधान झालं नाही. आत येऊन मोरीशेजारचं भांड्यांचं फडताळ पाहिलं. तिथं एकच ताटली पालथी होती.

"हां. एकच," ते म्हणाले. "चपला फसवत्यात पोरी. मानूस चपला कितीबी पाळतो. ताटली फसवत न्हाई. जेवनारी तोंडं असत्याल तेवढ्याच ताटल्या रोज पालथ्या पडत्यात."

असा घरमालक मिळाल्यावर दुसऱ्या कुणी सामान बांधलं असतं. पण कराडात एकट्या बाईला खोली देताना लोक जे जे विचारतात, त्या मानानं ताटल्या मोजणारा म्हातारा परवडला. शिवाय मोजून झाल्यावर तो पुन्हा वर यायचा नाही, हेही माझ्या लक्षात आलं.

गुरुजींचं एक वाक्य अख्ख्या आळीला पाठ होतं: "मोजलं कुनी? आन कुठं उभं राहून?" पेपरात 'सभेला लाखोंचा समुदाय' असं छापून आलं की ते लाल पेनानं 'लाखो' भोवती गोल करायचे आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढायचे. नापास मुलाच्या पेपरावर मास्तर काढतात तसं, ठसठशीत. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हटलं तर तीन दवाखान्यांत मोजून आले. तिन्हीकडं वेगळा आकडा निघाला. त्याचा त्यांना इतका आनंद झाला, की चौथ्या ठिकाणी मोजला असता तर तो नक्की उतरलेला निघाला असता.

टेलरचाचांकडं सदरा शिवायला टाकला तेव्हा तर त्यांनी शाळेतली लाकडी फूटपट्टी सोबत नेली आणि आधी चाचांचा टेप मोजला.

"गुरुजी, तीस वरसं ह्यो धंदा करतोय," चाचा म्हणाले.

"टेप किती वरसाचा हाय?"

"दोन."

"मग तुमचं तीस काय सांगता? मापं टेप घेतोय."

चाचा हसले. त्यांना गुरुजींचा राग कधीच यायचा नाही. मला मात्र यायचा, कारण माझ्यावरचा संशय टेपवरच्या संशयासारखा फूटपट्टीनं मिटणारा नव्हता. मी संध्याकाळी कागदांची भेंडोळी घेऊन यायचे. खोलीच्या भिंतीवर पाटण तालुक्याचा नकाशा लावला होता, त्यावर गावांना टिकल्या. भाडं न्यायला वर आले तेव्हा हे त्यांनी पाहिलं, त्या दिवसापासून ते माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायला लागले. गुरुजींना संशय आला की त्यांची भाषा शुद्ध व्हायची. "आपणांस कोणत्या कार्यालयाने पाठविले आहे?" जिन्यात एकदा त्यांनी विचारलं.

"कुठल्याच नाही हो गुरुजी. पीएच.डी. करतेय मी."

"असे सर्वच म्हणतात," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आता माझंही सांगते. मीसुद्धा त्यांच्यावर संशय घेत होते. त्यांच्या बैठकीत हिरवी पत्र्याची ट्रंक होती, तिला पितळी कुलूप. घरात दोन खुर्च्या असताना ते कायम त्या ट्रंकेवर बसायचे. झाडलोट करणाऱ्या मावशींनी एकदा ती सरकवली तेव्हा आत काहीतरी खडखडलं, आणि गुरुजी चहा टाकून धावत आले. चाचांना विचारलं तर ते दोरा दातानं तोडत म्हणाले, "मानूस सोनं हाय बगा. पर ट्रंकंचं काय इचारू नगा."

माझा प्रबंध होता मुंबईला गेलेल्या माणसांवर. कोयनेच्या बाजूच्या डोंगरातल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला जातात; मागं बायका, म्हातारी आणि पोरं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण विद्यापीठाला माहीत असून चालत नाही, आकडे लागतात. आकडे म्हणजे जनगणनेचे. सरकारच्या वेबसाइटवर गावागावाचे तक्ते मिळतात, पण ते उतरवून घेतले की खरी हमाली सुरू होते. आधीच्या मोजणीत गावाचा एक क्रमांक, पुढच्या मोजणीत दुसरा. कुठं दोन वाड्या एकात घातलेल्या, कुठं एकाची दोन गावं झालेली. जुन्या मोजणीची जाडजूड पुस्तकं मी साताऱ्याच्या एका ग्रंथालयात बसून उतरवली. तिथल्या बाईंनी ती कपाटाच्या वरच्या फळीवरून काढून दिली तेव्हा आम्ही दोघी शिंकत होतो. शेवटची मोजणी २०११ ची. त्यानंतर पुढची झालेलीच नव्हती, त्यामुळं सगळे संशोधक त्याच आकड्यांवर दिवस काढत होते.

या सगळ्या धुळीत मला एक गाव सापडलं. त्याचं नाव सांगत नाही, त्या गावाचा काही दोष नाही. आसपासच्या प्रत्येक गावात बायकांपेक्षा पुरुष कितीतरी कमी. या गावातही आधीच्या दोन मोजण्यांत तसंच. आणि २०११ ला एकदम पुरुष बायकांच्या बरोबरीनं! तरणी, कमावती माणसं. म्हणजे या एका गावातले लोक मुंबई सोडून परत आले होते. मी खुर्चीतून उठून खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या. माझे मार्गदर्शक सर तर फोनवर म्हणाले, "हेच तुझं प्रकरण. बाकी सगळं पुरवणी." त्या एका गावावर मी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उभं केलं: परतलेली माणसं. प्रबंध त्या वर्षी सादर झाला तर मला कायम नोकरीचा अर्ज करता येणार होता. नाहीतर चाळिशी येईपर्यंत तासावर शिकवत राहायचं. एवढं सगळं त्या गावाच्या एका ओळीवर टांगलेलं होतं.

गुरुजींना हे कळलं ते माझ्या हौसेमुळं. जिन्यात भेटले, मी आनंदात होते, कागद पुढं केला. त्यांनी चष्मा वर करून गावाचं नाव वाचलं. पुढचा आकडा वाचला. मग अतिशय शुद्ध मराठीत विचारलं, "हेच गाव आपण का निवडले?"

"गुरुजी, इथं माणसं परत आलीत!"

"कोणी सांगितले?"

"जनगणनेनं."

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. त्या दिवशी प्रथमच ते 'मोजलं कुनी' म्हणाले नाहीत. हे माझ्या लक्षात आलं, पण फार उशिरा.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. चाचांकडं चौकशी केली तेव्हा कळलं की गुरुजी त्याच गावच्या शाळेवर दहा-बारा वर्षं मास्तर होते. मोजणी करणारे बहुतेक शिक्षकच असतात, हे मला माहीत होतं. ताटल्या, चपला, 'मानसं किती' हे सगळं एकदम जुळलं. आणि मनात पाल चुकचुकली ती ट्रंकेवरून. मोजणीचे भरलेले कागद गुप्त असतात, घरी ठेवता येत नाहीत. या माणसानं ते ठेवले असणार! माझी लाज सांगते, मला भीती वाटली नाही, लोभ सुटला. घरवार नोंदी मिळाल्या तर परत आलेला प्रत्येक माणूस मला नावानिशी सापडला असता.

मी धीर करून विचारलंच. "गुरुजी, त्या गावाची मोजणी तुम्हीच केली होती ना?"

ते ट्रंकेवर बसले होते. ताठ झाले. "आपणांस पाठविले कोणी? स्पष्ट सांगा. खात्याने?"

"गुरुजी, मला कुणी—"

"खोली पुढील महिन्यात रिकामी करावी."

मी वर आले आणि रडले. मग स्वतःशीच म्हणाले, चोराच्या मनात चांदणं.

प्रबंध छापायला टाकायच्या दोन दिवस आधी, दुपारी, दार वाजलं. गुरुजी दारात उभे. आत आले नाहीत. चपला मोजल्या नाहीत.

"त्यो आकडा घालू नगा," ते म्हणाले.

"का?"

"खोटा हाय."

"कशावरून? सरकारी आकडा आहे."

"मी लिवलाय."

खाली नेऊन त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि ट्रंक उघडली. आत कागद नव्हते. एक शाल, घडीवर पिवळी पडलेली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक प्रशस्तिपत्र. आणि एक नारळ, इतका वाळलेला की आतली वाटी सुटून खुळखुळत होती. तोच तो आवाज.

"तालुक्यात पयला नंबर," गुरुजी म्हणाले. "समद्यात आदी काम पुरं केलं म्हनून सत्कार. शाल, श्रीफळ. त्यो नारळ फोडायचं धाडस न्हाई झालं."

मग ते सांगू लागले. गावच्या वाड्या डोंगरभर पसरलेल्या. एकेका उंबऱ्याला जायचं म्हणजे गुडघ्याचं पाणी. मोजणीच्या त्याच पंधरवड्यात जत्रा आली. मुंबईची झाडून सगळी माणसं गावात. लोक म्हणाले, गुरुजी, कशाला वणवण करता, देवळात बसा, समदी हितंच येत्यात. यांना घोंगडीवर बसवलं, जत्रेचं जेवण वाढलं. आणि मग एकेक कुटुंब समोर येऊन नावं सांगायला लागलं.

"मानूस जिथं ऱ्हातो तिथंच त्येला मोजायचा, ह्यो नियम मला पाठ व्हता पोरी. दोन दिसाचा पावना लिवायचा नसतो. पयल्या घराला मी म्हनलो बी. तर ती बाई पदर पसरून म्हनली, गुरुजी, पोरं माजी हायती, घर त्यांचं हाय, लिवा की. तिचं लिवलं. मग दुसरीचं कसं न्हाई म्हनायचं? दोन दिसात अख्खं गाव भरलं. सत्कार झाला, कुनी इचारलं न्हाई. मी मनाला म्हनलो, कुनाचं काय बिघडलं? त्यो आकडा कोन वाचतंय?" त्यांनी शालीची घडी पुन्हा नीट केली. "तुमी वाचला. इतक्या वरसांत तुमी पयल्या, त्यो खरा मानलेल्या."

मला त्यांचा खरोखर राग आला. इतका, की नारळ उचलून फरशीवर आपटावा असं वाटलं. जगातल्या प्रत्येक मापावर शंका घेणारा हा माणूस, आणि मी ज्या एका आकड्यावर डोळे मिटून उभी होते तो यांनीच घोंगडीवर बसून लिहिलेला! सरांना फोन केला. सर म्हणाले, "छापलेला आहे ना? मग तो खरा. जत्रा तक्त्यात दिसत नाही. तू सादर कर." सरांचं चुकीचं नव्हतं. गप्प बसले असते तर जन्मात कुणाला कळलं नसतं. झाकली मूठ.

रात्रीपर्यंत मी ठरवत होते. सकाळी चहा घेऊन खाली गेले, गुरुजी ट्रंकेवर नव्हते, खुर्चीत बसले होते. मी म्हणाले, "चला. मोजून येऊ."

ते टोपी घालून उठले.

एसटी वाटेतच भरली. कंडक्टर ओरडला, "शंभर मानसं झाली, पुढं सरका!" मी गुरुजींकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. पाटणला उतरून वडापच्या शेअर जीपनं पायथ्यापर्यंत गेलो आणि मग चढ. गुडघ्यावर हात ठेवत, दर वळणाला थांबत गुरुजी चढले. मी वही काढली.

पहिलं घर. कुलूप. त्यांनी कुलूप हातात घेऊन पाहिलं, गंज बघितला. "लिवा. बंद." दुसरं घर, कुलूप. तिसऱ्यात सून आणि तिची पोर, नवरा मुंबईला. गुरुजींनी उंबऱ्यात उभं राहून नमस्कार केला, विचारलं, नजर फडताळाकडं गेली. "दोन. लिवा." एका वाडीतून दुसरीत जायला ओढा ओलांडावा लागत होता. तीन दिवस लागले आम्हाला. मुक्काम शाळेत. शाळेतल्या तरुण सरांनी आपल्या डब्यातली भाकरी आम्हाला दिली आणि हे काय खूळ म्हणून विचारलं नाही. प्रत्येक दारात गुरुजी स्वतः गेले. मी म्हटलं, गुरुजी, या घराला कुलूप आहे ते इथूनच दिसतंय. तर म्हणाले, "हितनं दिसतंय म्हनूनच तर वाट लागली."

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यात वरच्या वाडीतलं शेवटचं घर. अंगणात एक म्हातारी शेंगा वाळत घालत होती. गुरुजींना तिनं डोळ्यांवर हात धरून ओळखलं.

"आवं गुरुजी! किती वरसांनी ह्यो डोंगूर चढला! बसा की." आणि बसायच्या आधीच विचारलं, "माज्या पोरांची नावं तुमी लिवली व्हती. देवळात. हायती न्हवं अजून तिथं?"

ही ती पदर पसरणारी. मला कुणी सांगायची गरज नव्हती, गुरुजींचा चेहरा पुरेसा होता.

"आक्का," ते म्हणाले, "पुन्ना मोजायला आलोय. घरात मानसं किती?"

"चार की. मी आन तिगं पोरं."

गुरुजी उंबऱ्यात उभे होते. आत चुलीशेजारी एकच ताटली पालथी होती. म्हातारीनं त्यांची नजर पकडली. गेल्या वेळी देवळात बसल्यामुळं ती ताटली त्यांना दिसली नव्हती.

"येत्यात ती," म्हातारी घाईनं म्हणाली. "जत्रंला येत्यात. मागल्या साली धाकटा आला न्हाई, त्येला सुट्टी गावली न्हाई. लिवा गुरुजी. लिवल्यालं असलं की बरं वाटतं. कुटं तरी समदी एका घरात हायती म्हनून."

मी पेन वहीवर टेकवून थांबले. मला वाटलं, हे पुन्हा लिहितील. खरं सांगते, क्षणभर मलाच वाटलं की लिहावं. प्रकरणही वाचेल आणि म्हातारीही.

गुरुजींचा आवाज अगदी हळू आला. "एक. लिव पोरी."

मी लिहिलं. म्हातारीनं माझ्या हाताकडं पाहिलं. "मग माजी पोरं?"

"ती तिकडं मोजतील आक्का. मुंबईत. त्यांच्या दारात जाऊन."

"तिगं एका खोलीत ऱ्हात्यात," ती म्हणाली, "दिवसरात कामावर. मोजनारा आला आन तिथं बी कुलूप आसलं, तर?"

गुरुजींनी पिशवीतून तो वाळलेला नारळ काढला. आणलाय हे मला माहीतच नव्हतं. तो त्यांनी म्हातारीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि वाकून तिला नमस्कार केला.

माझा प्रबंध त्या वर्षी सादर झाला नाही. शेवटचं प्रकरण फाडून नवं लिहावं लागलं, पुढचं एक वर्ष तासांवर गेलं. गुरुजींनी खोली रिकामी करायचा विषय पुन्हा काढला नाही. ट्रंकेत मी माझे कागद ठेवू लागले, कुलूप न लावता. पुढं मला सांगलीला कायम नोकरी लागली. निरोप घेताना ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात माजं नाव घालू नगा," आणि मी घातलं नाही, इथंही घातलेलं नाही. त्याच वर्षी थंडीत ते गेले. चाचांनी फोनवर सांगितलं.

आता पुन्हा मोजणी निघाली आहे. परवा आमच्या सांगलीच्या फ्लॅटवर एक शिक्षिका आल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. दुपारचं ऊन, त्या दमलेल्या. जिन्यातच उभ्या राहून विचारलं, "मॅडम, शेजारच्या घराला कुलूप आहे. किती माणसं राहतात, तुम्हीच सांगता का?"

शेजारी तीन पोरं राहतात, कारखान्यात पाळीवर जाणारी. मला त्यांची संख्या माहीत होती.

"आत या, पाणी घ्या," मी म्हणाले. "ती सातला येतात. सात वाजता पुन्हा या. मी त्यांना थांबवून ठेवते."